तीनवर धक्का, नऊवर चिकू

मी, थॅडियस अझराया हीस्टी, वय वर्षे शहात्तर, धंदा बोनफिश मासे धरायला येणाऱ्या पाहुण्यांचा गाईड, राहणार हॅना बाईट, ॲक्लिन्स बेट, बहामा, आज रविवारी चर्चहून आल्यावर, धुतलेला सदरा अंगात असताना, पोट भरलेले आणि डोके ठिकाणावर असताना हे लिहायला बसलो आहे. मला कोणी धमकावलेले नाही आणि कोणी रम पाजलेली नाही. माझी मुलगी आयडामे हिने उलट दोनदा सांगितले की डॅडी, हे लिहू नका. म्हणजे दडपण असलेच तर ते न लिहिण्याचे होते.

यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे लिहिली आहेत. एक दाढ काढायला गेलो तेव्हा आणि दुसरे पहिल्यांदा विमानात बसलो तेव्हा. दोन्ही रद्द समजावीत. दाढेच्या वेळचे सापडत नाही, पण कोणाला सापडले तर तेही रद्द.

या वेळचे कारण असे की बुधवारी मला विमानाने राजधानीला, नासावला नेणार आहेत आणि गुरुवारी माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, दहा मिनिटांचे काम. आयडामेही म्हणते, दहा मिनिटांचे काम. मी जन्मभर पाण्यात बघत आलो आहे. गळाला लागलेला बोनफिश ओढून घेईपर्यंत बाराकुडा नावाचा दातांचा मासा त्याचे निम्मे अंग नेतो आणि पाहुण्याच्या हातात नुसते डोके येते, त्याला एक क्षण लागतो. दहा मिनिटे म्हणजे फार झाली.

कलम पहिले, घर. ज्या जमिनीवर माझे घर आहे ती आमच्या पणजोबांच्या सगळ्या वंशाची आहे. ती विकता येत नाही आणि कुणा एकट्याच्या नावावर होत नाही. आमच्या बेटावर बहुतेकांचे असेच आहे. कोणी कुठे राहायचे आणि कोणी काय वापरायचे, एवढे जाणाऱ्याने सांगायचे आणि मागे राहिलेल्यांनी पाळायचे. माझ्या वडिलांनीही असेच तोंडी सांगितले होते आणि त्यातून काय झाले ते कलम सातमध्ये येईल. तर घराचा वापर आयडामेकडे जाईल. वादळाच्या दिवसांत खिडक्यांच्या फळ्या वेळेवर लावाव्यात, रेडिओवर सांगेपर्यंत थांबू नये. रेडिओवाले नासावात बसतात. पुढचे दार समुद्राकडे आहे, ते समुद्राकडेच ठेवावे.

कलम दुसरे, नाव. माझ्या नावेला माझ्या बायकोचे नाव आहे, मर्टल. मर्टल म्हणायची की तुम्ही माझ्यापेक्षा नावेकडे जास्त बघता, म्हणून मी नावेवर तिचे नाव रंगवले. तिचे समाधान झाले नाही. मर्टल जाऊन नऊ वर्षे झाली. नाव आणि इंजीन आमच्या चर्चचे डीकन लेमुएल बेथेल यांना द्यावे, कारण ते आमच्या वस्तीतले आणखी एक गाईड आहेत आणि इंजिनावर ओरडत नाहीत. नावेचे नाव बदलू नये. इंजीन थंड असताना तिसऱ्या झटक्याला सुरू होते. दुसऱ्याला झाले तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

कलम तिसरे, नाव ढकलायची काठी. ही अठरा फुटांची आहे. बोनफिश उथळ पाण्यात येतो, कधी गुडघाभर, कधी घोट्याएवढ्या, आणि इंजिनाचा आवाज त्याला अर्ध्या मैलावरून कळतो. म्हणून गाईड नावेच्या मागच्या बाजूला उंच माचावर उभा राहतो आणि काठीने नाव ढकलतो. पाहुणा पुढे नाकावर उभा असतो. ही काठी माझ्या हातात चव्वेचाळीस वर्षे होती. ती माझ्याबरोबर पुरावी असे मी आधी लिहिले होते. आयडामेने वाचून विचारले, "डॅडी, पेटी सहा फुटांची असते. उरलेल्या बारा फुटांचं काय करायचं?" मी म्हणालो, बाहेर राहू दे. ती म्हणाली, मग तुमच्या थडग्यावर लोक कपडे वाळत घालतील. ते खरे आहे, आमच्या वस्तीत घालतील. म्हणून काठी व्हर्लीन हीस्टी हिला द्यावी. ती माझ्या भावाची मुलगी आहे, पण त्यात तिचा दोष नाही. ती गाईड आहे, चांगली आहे आणि दुरून हात करते.

कलम चौथे, माश्या. गळावर पिसे आणि केस गुंडाळून आम्ही खोटी कोळंबी तयार करतो, तिला माशी म्हणतात. माझ्या तीन डब्यांत मिळून चारशेच्या आसपास आहेत. डीकनना एक डबा, व्हर्लीनला दोन. चौथा डबा होता. त्यातल्या माश्या मी एकदा टोपीला टोचून टोपी कुंपणावर ठेवली आणि आमच्या पोस्टमास्तरीणबाई मिसेस फिलिपा टाइन्स यांच्या बकरीने ती टोपी खाल्ली. त्यानंतर बकरीच्या ओठात गळ अडकला म्हणून बाईंनी मलाच बोल लावला, तोही चर्चच्या पायरीवर, सगळ्यांच्या देखत. मिसेस टाइन्स यांना माझ्याकडून काही मिळणार नाही. बकरीलाही नाही.

कलम पाचवे, किरकोळ. हॅना बाईटमध्ये मला धरून एकवीस माणसे आहेत. कोणी म्हणू नये की थॅड माणूस ओळखत नव्हता. म्हणून पेरू शिजवायचे पातेले, जॉनी केक भाजायचा तवा, झोपाळा, दोन खुर्च्या, खेकडे धरायचा दिवा, रेडिओ, विळा, पावसाच्या पाण्याची टाकी, वडिलांचे बायबल आणि इतर सगळे मी वेगळ्या कागदावर एकेकाच्या नावाने लिहिले आहे. लहान मुलांनाही काही ना काही आहे. सुटलेली माणसे दोनच. एक मिसेस टाइन्स. दुसरा पुढे येईल.

कलम सहावे, मिस्टर प्रुइट. हे अमेरिकेतून बावीस वर्षे दर मार्चमध्ये येतात. त्यांनी अकरा पौंडांचा बोनफिश धरला, तो आपण सोडून दिला आणि त्या वेळी वजन थॅडियसने केले, असे ते सगळ्यांना सांगतात. मला देवासमोर उभे राहायचे आहे, म्हणून लिहितो की मासा साडेसहा पौंडांचा होता. मिस्टर प्रुइट यांची बायको त्याच महिन्यात त्यांना सोडून गेली होती आणि ते रडत होते. माझ्या तोंडून अकरा निघून गेले. हे त्यांना मी गेल्यावर कळवावे, पण त्यांची तब्येत पाहून.

कलम सातवे, धक्का. हे मला नीट लिहायचे आहे, कारण नीट न सांगितल्याने काय होते ते मी एकतीस वर्षे बघतो आहे.

माझे शिक्षण अकराव्या वर्षी संपले आणि घड्याळ मला शाळेत समजले नाही. मी घड्याळ नावेत शिकलो. बोनफिश पाण्यात राखाडी सावलीसारखा असतो आणि पाहुण्याला तो दिसत नाही. मग गाईड मागून सांगतो, "दहावर, चाळीस फूट," आणि पाहुणा तिकडे माशी फेकतो. नावेचे नाक म्हणजे बारा. उजवा हात तीन, डावा हात नऊ. गाईड मागे वळून बोलत असो, खाली वाकून चहा ओतत असो, बारा म्हणजे नावेचे नाक. माझ्या वडिलांनी मला हे अशा प्रकारे शिकवले की अजून कानाची पाळी दुखते. मनगटावर घड्याळ मी कधी बांधले नाही. बारा कुठे आहे ते मला माहीत असते, किती वाजले ते मी आयडामेला विचारतो.

आता जागा. आमच्या घराच्या पुढच्या दारात समुद्राकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताला खडकात कापलेला धक्का आहे. पूर्ण सुकती झाली, म्हणजे पाणी ओसरले, तरी तिथे नाव तरंगते. वस्तीत अशी जागा दुसरी नाही. उजव्या हाताला विहीर आणि चिकूचे झाड आहे. तो चिकू साधा नाही, त्याच्यापायी मधमाश्या वेड्या होतात.

वडील शेवटचे आजारी होते तेव्हा मी आणि माझा धाकटा भाऊ एनॉस दोघेही बिछान्याशी होतो. वडिलांनी डोळे मिटूनच सांगितले, "तीनवर एनॉस. नऊवर थॅड." आणि दुसऱ्या दिवशी ते गेले.

घर समुद्राकडे तोंड करून आहे. घराचे नाक म्हणजे पुढचे दार. त्या हिशेबाने नऊवर धक्का येतो, म्हणजे धक्का माझा, आणि तीनवर चिकू, म्हणजे चिकू एनॉसचा. यात समजायला अवघड काय आहे ते मला आजपर्यंत कळले नाही. पण एनॉस म्हणाला की वडिलांचे उसे समुद्राच्या खिडकीकडे होते आणि पाय जमिनीकडे, तेव्हा सगळे उलटे होते आणि धक्का त्याचा. मी म्हणालो, गाईड स्वतःच्या तोंडावरून घड्याळ सांगत नाही. तो म्हणाला, बरोबर, नाही सांगत. मग भांडतोस कशाला, म्हणून मी दार लावून घेतले. तो रस्त्यावर उभा राहून ओरडला, "बिछान्याला विचार." ज्याचे वडील चार दिवसांपूर्वी पुरले त्याला त्याच्या धाकट्या भावाने असे टोमणे मारावेत. त्या दिवसापासून आम्ही बोललेलो नाही. त्याने चिकूच्या झाडाला मंत्रलेली निळी बाटली टांगली, म्हणजे जो चोरून खाईल त्याचे पोट फुगेल. मी एकतीस वर्षांत त्या झाडाचा एक चिकू खाल्लेला नाही. विहिरीचे पाणीही प्यालो नाही, पावसाच्या टाकीवर भागवले. आणि एनॉस, आणि आता व्हर्लीन, सुकतीच्या वेळी अर्धा मैल चिखलातून नाव ओढत नेतात. ते मला खिडकीतून दिसते, म्हणजे मोतीबिंदू होईपर्यंत दिसत होते.

तर धक्क्याचा वापर मी डीकन लेमुएल बेथेल यांना देतो. माझा भाऊ एनॉस हीस्टी याला मी काही देत नाही.

हे लिहून मला बरे वाटेल असे वाटले होते. बघू.

कलम आठवे, अंत्यविधी. सुकतीच्या अगदी शेवटी ठेवावा. पाणी चढत असताना ठेवला तर मासे उथळात येऊ लागतील आणि प्रार्थना चालू असताना निम्मी मंडळी समुद्राकडे बघत बसतील. मी पेटीत नसतो तर मीही बघितले असते. नंतर उकडलेला मासा आणि ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या कण्या, द्याव्या. कोंबडी नको, कोंबडी मर्टलच्या वेळी कमी पडली होती.

येथे मी सही करणार होतो.

सोमवार, तेरा मे. हा कागद घेऊन मी सकाळी पोस्टात गेलो, कारण सरकारी कागद कसे करायचे हे आमच्याकडे फक्त मिसेस टाइन्स यांना कळते. कलम चारवर मी अंगठा ठेवला होता. बाईंनी माझा अंगठा उचलून बाजूला ठेवला आणि सगळे वाचले.

"मिस्टर थॅड, दोन साक्षीदार लागतात," त्या म्हणाल्या.

"वस्तीत माणसं आहेत की."

"ज्याला यातून काही मिळतं त्याने सही केली तर त्याचं मिळणं रद्द होतं. डीकनना नाव दिलीत?"

"दिली."

"मग डीकन नाहीत. त्यांची बायको?"

"तवा."

"मिस मिनर्व्हा?"

"झोपाळा."

अशा बाई एकेक नाव घेत गेल्या आणि मी एकेक वस्तू सांगत गेलो. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"तुम्ही अख्ख्या वस्तीला काही ना काही देऊन ठेवलंत. आता सही करायला ज्यांच्यावर तुमचा राग आहे तेवढीच माणसं उरली. एक मी. बकरी चालत नाही."

"नासावात करू."

"नासावात दोन साक्षीदार मिळतील, पण त्यासाठी तुम्हाला अनोळखी माणसाला घरगुती गोष्टी सांगाव्या लागतील. सांगाल?"

मी सांगणार नाही हे त्यांना माहीत होते. मी विचारले की कोणाचा तवा परत घेतला तर. त्या म्हणाल्या, "डीकनच्या बायकोकडून तवा परत घेताय हे तिला कोण सांगणार?"

"एनॉसला मी बोलावते," बाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त घरी असा."

रात्री मला झोप आली नाही असे मी लिहिणार नाही. आयडामे म्हणते मी घोरत होतो.

मंगळवार, चौदा मे. सकाळी सुकती संपत आली असताना बाई एनॉसला घेऊन आल्या. तो फाटकाशी थांबला. त्याचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट झाले आहेत, हे मला माहीत नव्हते.

"आत येऊ का?" त्याने विचारले.

"दार उघडंच आहे."

"ते एकतीस वर्षं उघडं आहे. मी विचारलं, येऊ का."

"ये," मी म्हणालो.

तो माझ्यासमोर बसला. आयडामेने त्याला चहा दिला आणि त्याने तो बशीत ओतला, वडील ओतायचे तसा.

"मला यात काय आहे?" त्याने विचारले.

"काही नाही."

"बरं. म्हणजे सही चालते. आण पेन." मग तो मिसेस टाइन्सकडे वळला. "पण आधी वाचून दाखवा, बाई. त्याचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे."

"साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते," बाई म्हणाल्या. "त्याने सही करताना पाहिलं की झालं."

"मी ज्याच्याखाली नाव लिहितो ते ऐकतो."

त्यांनी वाचले. बकरीपाशी तो हसला. काठीपाशी हसला नाही. कलम सात संपले तेव्हा त्याने पेनाचे टोपण लावले.

"हे खोटं आहे. याच्याखाली मी सही करणार नाही."

"एनॉस, माझं विमान उद्या आहे."

"मग लवकर उत्तर दे. बारा म्हणजे काय?"

"नावेचं नाक."

"गाईड झोपून बोलत असला तर?"

"तरी नावेचं नाक. हे तूही शिकलास, मीही शिकलो, दोघांचे कान सारखेच ओढले."

"पापा कशात झोपून बोलले?"

"बिछान्यात."

"बिछाना कशाचा आहे?"

आता वाचणाऱ्याला एक सांगायचे राहून गेले आहे, कारण ते मला कधी सांगण्यासारखे वाटले नाही. वडिलांची पहिली नाव किडायला लागली तेव्हा एनॉसने ती मोडून तिच्या चांगल्या फळ्यांचा त्यांना बिछाना करून दिला होता. तो अजून तिथेच आहे, जमिनीत ठोकलेला, वादळात हलू नये म्हणून. वडील गेल्यापासून त्यावर मी झोपतो.

एनॉस उठला आणि आतल्या खोलीत गेला, विचारल्याशिवाय. आम्ही मागून गेलो. बिछान्याच्या उशाला एक रुंद फळी आहे, पांढरा रंग दिलेली. तिला दोन लाकडी खुंट्या आहेत आणि एकीवर मी टोपी टांगतो. एनॉसने टोपी काढून माझ्या हातात दिली आणि दोन्ही खुंट्या पिळून उपसल्या. खिडकीचा उजेड फळीच्या दोन भोकांतून आत आला.

"हात लाव," तो म्हणाला. "तुला दिसणार नाही."

मी बोट घातले. भोकाच्या कडेला गंज होता. दोन भोके, एका वितीवर. जिच्यावर इंजीन बसते ती नावेची मागची फळी होती.

"पापांनी मला सांगितलं होतं, मागची फळी उशाला लाव," एनॉस म्हणाला. "म्हणाले, जन्मभर मी तिथेच उभा राहिलो, आता डोकंही तिथेच ठेवीन. नाक पायाकडे. पाय रस्त्याकडे."

मी तिथे उभा राहून हात पसरून पाहिले. नाक रस्त्याकडे धरले की उजवा हात धक्क्याकडे जातो. तीनवर धक्का. तीनवर एनॉस. मी तीनदा पाहिले. आयडामे म्हणते पाच वेळा.

मिसेस टाइन्स दारातून म्हणाल्या, "म्हणजे मिस्टर थॅड, एकतीस वर्षं तुम्ही नावेत झोपलात आणि नाव कुठे चालली आहे ते तुम्हाला माहीत नव्हतं."

मी एनॉसला विचारले, "मग तू सरळ का सांगितलं नाहीस?"

"सरळच सांगितलं. बिछान्याला विचार म्हणालो."

"ते सांगणं झालं का? पुन्हा यायचं, दार वाजवायचं, नीट बसून सांगायचं."

"तू मोठा भाऊ. तुला मी एकदा सांगितलं. मोठ्या भावाला दोनदा सांगावं लागतं का?"

"मला दहा वेळा सांगावं लागतं. हे तुला माहीत नाही का? मर्टलला विचार."

"मर्टलनेच मला सांगितलं होतं, आता नको जाऊ, त्याची भूक उडेल," एनॉस म्हणाला.

हे मी प्रथमच ऐकत होतो. मी बिछान्यावर बसलो, पायाकडच्या बाजूला, म्हणजे नाकावर, जिथे पाहुणा असतो. मला धक्क्यावरून गेलेल्या सगळ्या नावा आठवू लागल्या आणि चिखलातून गेलेल्या सगळ्या. मी म्हणालो की आता मी शस्त्रक्रियेत नक्की मरणार, कारण वर वडील उभे असतील आणि माझ्या कानाची पाळी तयार असेल.

"कान दोन आहेत," एनॉस म्हणाला. "एक मी घेतो. कारण नऊवर काय आलं ते बघ."

मी पाहिले. नऊवर चिकू.

"एकतीस वर्षांचे चिकू," मी म्हणालो.

"आणि एकतीस वर्षांची विहीर," तो म्हणाला. "धक्का तू दाबलास, चिकू मी दाबला. मला माहीत असून दाबला. माझं जास्त आहे."

"त्या बाटलीत काय होतं?"

"कपड्यांची नीळ."

मी त्या झाडाच्या बाजूने गेलोच नाही, एकतीस वर्षे लांबच्या वाटेने चर्चला गेलो, हे मी त्याला सांगितले नाही. येथे लिहितो, म्हणजे त्याला कळेल.

मग आम्ही टेबलाशी परत आलो आणि मी म्हणालो की कलम सात खोडतो आणि धक्का एनॉसला लिहितो. मिसेस टाइन्स म्हणाल्या, मग एनॉसची सही चालणार नाही, आणि बुधवारपर्यंत दुसरा साक्षीदार कुठून आणणार. आम्ही पुन्हा सगळी वस्ती मोजली. प्रत्येकाकडे माझे काहीतरी जात होते.

"मला नको धक्का," एनॉस म्हणाला. "माझे गुडघे गेले. मागच्या वर्षापासून मी नाव काढत नाही. व्हर्लीनला दे. चिखल ओढून तिचे खांदे बघ काय झालेत, तिच्या नवऱ्यालाही भीती वाटते."

"मुलीचं चालतं," मिसेस टाइन्स म्हणाल्या. "साक्षीदाराच्या बायकोचं चालत नाही, मुलीचं चालतं."

म्हणून खालीलप्रमाणे दुरुस्ती करतो आणि वर जे उलट लिहिले असेल ते रद्द.

कलम सात, नवे. धक्क्याचा वापर व्हर्लीन हीस्टी हिला देतो. हे मी मेल्यावर नाही, आज दुपारपासून. शस्त्रक्रियेत मी मरेनच अशी खात्री डॉक्टर देत नाहीत, आणि तोवर ती पुन्हा चिखलातून जाणार. माझी नाव तिथेच राहील, पण बाजूला बांधली जाईल. डीकन बेथेल यांना धक्क्याऐवजी काय द्यायचे ते मला सुचत नाही. त्यांना सांगावे की थॅड वाईट वाटून घेत होता.

कलम नऊ, नवे. विहीर आणि चिकू माझ्या वाट्याचे आहेत हे आज ठरले. माझ्यानंतर त्यांचा वापर आयडामेकडे जाईल. पण एनॉसने झाडाखाली खुर्ची टाकावी आणि हवे तेवढे चिकू खावेत, त्याला कोणी हटकू नये. हे देणे समजू नये, नाहीतर त्याची सही जाईल. ही नुसती घरातली रीत समजावी. मिसेस टाइन्स म्हणतात असे लिहिले तर चालेल. चालत नसेल तर त्यांनाच विचारावे.

कलम दहा, नवे. मिसेस टाइन्स यांना मी काही दिलेले नाही ते तसेच राहील, कारण त्यांची सही हवी आहे. राग मात्र काढून घेतला आहे. बकरीचा ठेवला आहे.

कलम अकरा. या कागदात जिथे जिथे घड्याळ आले आहे तिथे बारा म्हणजे वडिलांच्या बिछान्याचे नाक, म्हणजे पायाकडची बाजू, म्हणजे रस्ता. बिछाना कोणी हलवू नये. हलवायची वेळ आलीच तर आधी एनॉसला विचारावे, तो नसेल तर व्हर्लीनला, आणि दोनदा विचारावे.

विमानतळावर सोडायला येतोस का, असे मी एनॉसला विचारले. तो म्हणाला, किती वाजता? मी म्हणालो, ते आयडामेला विचार.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचून पाहिले, आणि पुढील दोघांच्या देखत सही केली. त्या दोघांनीही माझ्या आणि एकमेकांच्या देखत सही केली. सही करताना मी समुद्राकडे तोंड करून बसलो होतो आणि एनॉस माझ्यासमोर, जमिनीकडे तोंड करून. मिसेस टाइन्स यांनी खात्रीसाठी आम्हा दोघांना एकाच वेळी धक्का दाखवायला सांगितले. मी डावा हात केला, त्याने उजवा केला, आणि बोटे एकाच जागी गेली.

सही: थॅडियस अझराया हीस्टी

साक्षीदार: एनॉस जोएल हीस्टी, भाऊ, यातून काही न मिळालेला

साक्षीदार: फिलिपा टाइन्स, पोस्टमास्तरीण, हॅना बाईट

ठिकाण: हॅना बाईट, ॲक्लिन्स, वडिलांच्या घरात

तारीख: १४ मे २०१९, मंगळवार. सुकती संपली, पाणी चढू लागले. व्हर्लीनची नाव धक्क्याला लागली.